नऊ किलो चारशे ग्रॅमचा टेप

तारीख ९ नोव्हेंबर १९८६, रविवार. रक्कम सतराशे पन्नास रुपये. पैकी सहाशे मंडीतून मिळालेला दिवाळीचा ॲडव्हान्स, बाकीचे दोन वर्षांत बाजूला टाकलेले. हजर चौघे: मी, माझी बायको, तिचा मोठा भाऊ आणि सौंसरच्या एका रेडिओच्या दुकानाचा मालक. घेतला तो टेप लाकडी खोक्यातला, दोन स्पीकरांचा. वजन नऊ किलो चारशे ग्रॅम.

टेपचं वजन कोणी लिहून ठेवतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी ठेवलं, आणि तीच माझी चूक होती. म्हणून आधी तो टेप कशासाठी हवा होता ते सांगतो.

माझ्या बायकोचं माहेर सौंसरचं. तिथे शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्या घरीच दोन-चार जणींना शिकवत. लग्नानंतर बारा-तेरा वर्षं बायकोचं गाणं बंद होतं. मग १९८१ पासून ती एक रविवार सोडून एक रविवार पांढुर्ण्याहून बसनं त्यांच्याकडे जायला लागली. बाईंनी तिला संगीताच्या दोन परीक्षा द्यायला लावल्या. तिसरी मोठी होती. तिचा फॉर्म तिनं दोन वर्षं भरला नाही. एकदा माझी आई आजारी होती म्हणून, एकदा तिची स्वतःची हिंमत झाली नाही म्हणून. त्या जूनमध्ये बाई मुलाकडे बिलासपूरला कायमच्या राहायला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी परीक्षेचे सगळे राग स्वतः गाऊन सहा कॅसेटींत भरून दिले. म्हणाल्या, मी नसले तरी हे आहे, यंदा फॉर्म भर. नागपूरच्या केंद्रात फॉर्म पोचायची शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर.

आमच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता, एका स्पीकरचा. त्यावर बाईंचा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे. मला त्यात काही खोट दिसत नव्हती. पण बायको रोज सकाळी पेटी घेऊन बसायची आणि दहा मिनिटांत उठायची. एक दिवस मी कारण विचारलं.

तिनं मला समोर बसवलं. कॅसेटीच्या सुरुवातीला बाई म्हणतात, "काळी चार. आधी सा लाव, मग पुढं." काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तीच तिचा सा. तिनं पेटीवर काळी चार दाबून ठेवली आणि टेप लावला. दोन्ही आवाज एकमेकांना घासत होते. तिनं काळी सोडून शेजारची पांढरी पाच दाबली, तरी घासतच होते. आमचा टेप हळू चालत होता, म्हणून बाईंचा सा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी येऊन पडला होता. तिथे पेटीला पट्टीच नाही.

"असंच थोडं सांभाळून गायलं तर?" मी म्हणालो.

"तुमचा काटा रोज शंभर ग्रॅमनं सरकला, तर सांभाळून तोलान का?" ती म्हणाली. "या सा वर बसली तर गळा बिघडते माया. मग परीक्षेत पेटीवाल्यानं खरी काळी चार देल्ली का मी गेली. टेप बरोबर चालला तर फॉर्म भरतो, नाही तर राहू द्या. तिसऱ्यांदा राहीन."

काट्याची गोष्ट निघाली म्हणून मला ते लगेच समजलं. मी पांढुर्ण्याच्या मंडीत कापसाच्या काट्यावर कारकून. तेव्हा नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. टेप घ्यायचा असं त्याच दिवशी ठरलं. घ्यायचा तर चांगला, पुन्हा पुन्हा घ्यायला लागू नये असा.

पुढचे तीन आठवडे मी चौकशीत घातले. वहीच्या मधल्या पानावर खाने पाडले: कंपनी, वॅट, स्पीकर किती, हमी किती महिन्यांची, किंमत. पांढुर्ण्यात दोन दुकानं पाहिली, सौंसरचं एक पाहिलं, आणि कामानिमित्त नागपूरला गेलो तेव्हा सीताबर्डीत उभ्याउभ्या चार भाव विचारून आलो. प्रत्येक दुकानदार आपला टेप मोठ्यानं वाजवून दाखवी, आणि मोठ्यानं वाजला की मला सगळे सारखेच वाटत. वॅटचे आकडेही असे होते की दोनशे वॅटचा टेप शंभर वॅटच्यापेक्षा स्वस्त. अशा आकड्यावर मी सही केली नसती.

तेव्हा कापसाची सरकी काढायच्या जिनातल्या इलेक्ट्रिशियननं मला एक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, खोकं पाहू नका, आतला ट्रान्सफॉर्मर पाहा. चांगल्या मशीनमध्ये तांबं जास्त असते, लोखंड जास्त असते. हलकं मशीन म्हणजे माल कमी. हे ऐकून मला हायसं वाटलं. तांबं-लोखंड आतमध्ये असलं तरी वजन बाहेरून करता येतं. मी वहीत आणखी एक खाना पाडला.

आमच्याकडे असंही सगळेच उचलून पाहतात. कापसाचं गाठोडं असो, संत्र्याची पेटी असो की लग्नातलं पितळी घंगाळ असो, माणूस आधी हात घालून उचलतो आणि मग तोंड उघडतो. मी फक्त उचलण्याऐवजी तोलायचं ठरवलं. पांढुर्ण्याच्या एका दुकानदारानं शेजारच्या किराणा दुकानातला काटा वापरू दिला, दुसऱ्यानं मला वेड्यात काढलं पण टेप हातात दिला. अंदाज चुकत नाही माझा, शंभर ग्रॅमच्या आत असतो. एक निघाला चार किलो दोनशे, दुसरा पाच किलो शंभर, तिसरा दोन किलो आठशे. हा तिसरा सौंसरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा टेप, तो तर मी वहीत लिहूनसुद्धा लगेच खोडला.

त्याच सौंसरच्या दुकानात तो लाकडी खोक्याचा होता. दुकानदार म्हणाला, नागपूरला खास बनवून घेतलेला आहे. बायकोच्या भावानं तो माझ्याआधी उचलला. त्याची संत्र्याची बाग आहे, आणि उभ्या झाडावर किती माल आहे हे तो नजरेनं सांगतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बोलण्यात गमत्या.

"उचलून पाहा जवाईबापू," तो म्हणाला. "हात खाली आला पाह्यजे. याले म्हनते मशीन."

मी उचलला. शेजारच्या काट्यावर ठेवला. नऊ किलो चारशे.

बायको म्हणाली, एकदा पेटी आणून लावून पाहू. मी तिला म्हणालो की पेटी बसमधून पांढुर्ण्याहून इथवर कोण वाहून आणणार, आणि इतक्या चांगल्या मशीनची काय परीक्षा घ्यायची. दुकानदारानं त्याची सिनेमाची कॅसेट लावली. आवाज रस्त्यापर्यंत गेला, दोन माणसं थांबून ऐकायला लागली. बायकोनं बाईंची कॅसेट पर्समधून काढली होती, ती तिनं परत ठेवली. हे मी पाहिलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि खोकं मांडीवर घेऊन मोहगाव मार्गे घरी आलो. पांढुर्णा येईपर्यंत पाय बधिर झाले, तरी मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी उघडली. बाई म्हणाल्या, काळी चार. तिनं काळी चार दाबली. टेप आता वर निघाला होता, जवळजवळ पांढरी सहापर्यंत. वर निघूनही एका जागी उभा नव्हता. बाईंनी लांब धरलेला सा नावेत बसल्यासारखा डुलत होता.

मी म्हणालो, थोडं वर गेलं तर काय बिघडलं, पांढरी सहावर गा. तिनं पेटीचं झाकण लावलं.

मला आकड्याशिवाय चैन पडत नाही. मी घड्याळ घेऊन बसलो आणि तीच कॅसेट दोन्ही टेपांवर एकेका बाजूनं पूर्ण वाजवली. जुन्यावर एक बाजू एकतीस मिनिटं पाच सेकंदांत संपली, नव्यावर अठ्ठावीस मिनिटं पन्नास सेकंदांत. एकाच माणसाचं एकच गाणं, आणि फरक सव्वादोन मिनिटांचा. मंडीत असा फरक निघाला असता तर मी काट्याला कुलूप लावलं असतं. पण हा माझाच सौदा होता. मी चार दिवस बायकोला सांगत राहिलो की नवीन मशीन आहे, थोडं चालू दे, बसेल. ती हो म्हणायची. फॉर्म डब्याखाली तसाच पडून होता, आणि तिनं त्याचा विषय काढणं सोडलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी टेप टेबलावरून कपाटावर ठेवायला उचलला, तर आत काहीतरी खट् करून हललं. हमीचं कार्ड पाहिलं. त्यावर सील वगैरेचं काही लिहिलं नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागची फळी काढली.

आत खाली, दोन स्क्रूंनी बसवलेली एक सिमेंटची लादी होती. एक स्क्रू ढिला झाला होता, तोच खट् वाजला. वर मोटर आणि सर्किट होतं, आणि ट्रान्सफॉर्मर होता तो माझ्या मुठीत मावला. लादी काढून मी पिशवीत घातली आणि सोमवारी मंडीतल्या छोट्या काट्यावर ठेवली. चार किलो तीनशे ग्रॅम. म्हणजे टेप पाच किलो शंभरचा, पांढुर्ण्याच्या दुसऱ्या दुकानातल्याइतकाच.

पण ते सोमवारचं. रविवारी दुपारी मी फळी हातात घेऊन बसलो होतो आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं आत वाकून पाहिलं, लादीवर बोटानं टकटक केलं.

"कापसाच्या गाडीत तर कोपरापर्यंत हात घालता," ती म्हणाली. "वरून पानी मारलं का, मधात गोटा टाकला का, सारं पायता. अन् घरच्या मालाले?"

दरवर्षी दोन-तीन तरी गाड्या मी परत लावतो, ओला कापूस, मधे दगड, एकदा तर जात्याची तळी निघाली होती. शेतकरी मला हात जोडून सांगतात की साहेब, मजुरानं टाकला असेल, आणि मी म्हणतो, टाकला कोणी ते मला सांगू नका, तोल माझा आहे. बायको मग खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले, आणि शेवटी मलाही हसू आलं. चिडायला मी वेळच घेतला नाही. तीस तारखेला चौदा दिवस होते.

मंडीत मी लादी तोलली तेव्हा लोकांनी विचारलंच. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. त्या हंगामभर गाडीत हात घातला की कोणी ना कोणी म्हणे, बाबू, सिमेंट नाही जी याच्यात, कापूसच हाय.

ऐन हंगामात रजा मिळणं कठीण. मिळाली ती मंगळवारची, २५ तारखेची. टेप पोत्यात बांधला, लादी माझ्या पिशवीत घेतली. पेटी बायकोनं स्वतः घेतली आणि बसमध्ये मांडीवर धरून बसली. मी म्हणालो, मी धरतो. ती म्हणाली, तुम्ही तुमचं सिमेंट सांभाळा.

तिचा भाऊ बसस्टँडवर घ्यायला आला होता. लादीची गोष्ट मी पत्रात कळवली होती. तो आधी पाच मिनिटं गंभीर राहिला, मग म्हणाला की हात तर खाली आला होता ना बापू, तेवढं तर मी खरं सांगतलं.

मी दुकानदारासमोर लादी ठेवली. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, किंवा नागपूरच्या माणसावर ढकलेल. त्यानं लादीकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढून दिली आणि चहा सांगितला.

"साहेब, तुमाले खोटं काहून सांगू," तो म्हणाला. "इथलं गिऱ्हाईक आवाज मागून आयकते, आधी उचलते. हलकं लागलं का ठेवते खाली अन् नागपूरची गाडी पकडते. तीन वर्षं चांगला हलका माल ठेवून पाह्यला, धूळ पुसून राहिलो होतो. मंग बनवनाऱ्याले मीच म्हनलं, वजन वाढव. म्या वजन म्हनलं होतं. सिमेंट त्याच्या मनचं."

भाऊ एवढ्या मोठ्यानं हसला की मला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला. दुकानदारानं टेप परत घ्यायला एका शब्दात होकार दिला. पन्नास रुपये कापतो म्हणाला. मी म्हणालो, चार किलो तीनशे ग्रॅमचे पैसे मी आधीच भरले आहेत, आणखी कापू नका. तेही त्यानं मानलं.

मग बायको पुढे झाली. दुकानात बसायला एक लाकडी तखत होता. तिनं त्यावर पेटी ठेवली, पर्समधून बाईंची कॅसेट काढली आणि दुकानदाराला म्हणाली की जेवढे टेप आहेत तेवढे एकेक लावा, आवाज लहान ठेवा. तिनं काळी चार दाबून धरली. डाव्या हातानं भाता चालू होता, डोळे मिटलेले. बाहेर चार बाया आणि एक केळीवाला थांबला. अशी भर बाजारात, परक्या दुकानात बसून ती कधी पेटी वाजवेल असं मला वाटलं नव्हतं. घरी पाहुणे असले तर ती दार लावून घेते.

पहिला टेप वर होता. दुसरा खाली होता आणि डुलत होता. तिसरा ऐकताना तिनं दोनदा मान हलवली, मग नाही म्हणाली. चौथा लावायला दुकानदार कुरकुरला, कारण तो नऊशे ऐंशी रुपयांचा प्लॅस्टिकचा होता, दोन किलो आठशेवाला, जो मी वहीतून खोडला होता.

त्यावर ती बराच वेळ ऐकत राहिली. कॅसेट मागे घ्यायला लावली, पुन्हा ऐकलं.

"खाली हाय," ती म्हणाली, "पन हालत नाही. हाय तिथंच उभा हाय."

याचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. जो काटा नेहमी पन्नास ग्रॅम कमी दाखवतो तो दुरुस्त होतो. जो डोलतो त्याला काही करता येत नाही.

दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा मिस्त्री रेडिओ उघडून बसला होता. तो इतका वेळ मान वर न करता ऐकत असावा. तो म्हणाला, "बाई, मशीनचा दोष नाही हे. तुमच्या गुरुबाईनं ज्याच्यावर भरलं, तो टेप कसा चालत होता कोनाले माहीत? द्या इकडं." त्यानं मागचं झाकण काढलं. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक होतं, टाचणी जाईल एवढं. त्यात आत एक स्क्रू असतो, त्यानं मोटरचा वेग कमी-जास्त होतो. एवढी गोष्ट तीन आठवड्यांच्या चौकशीत मला एकाही दुकानदारानं सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

मिस्त्रीनं बारीक स्क्रूड्रायव्हर आत घातला. बाई लांब सा धरून होत्या. बायकोनं काळी चार दाबली आणि तीही सा लावून बसली. मिस्त्री केसाएवढा फिरवी आणि तिच्या तोंडाकडे पाही. घासणारे आवाज हळूहळू जवळ यायला लागले. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते जवळ येणं मलासुद्धा ऐकू आलं.

"थांबा," ती म्हणाली. मग, "जरासं मागं." मग काही म्हणाली नाही. पेटी, बाई आणि ती, तिघींचा मिळून एकच आवाज येत होता. मिस्त्रीनं हात काढून घेतला आणि भोकावर लाखेचा थेंब लावला. तिनं डोळे उघडले, भावाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फॉर्म आनला का?"

मी आणला होता. पाकीट, फोटो आणि मागच्या परीक्षेच्या दोन्ही सर्टिफिकेटांच्या नकलाही. यातलं काही तिनं मला सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं सातशे सत्तर रुपये परत केले. मिस्त्रीनं दोन रुपये मागितले, मी पाच दिले. लादी दुकानदाराकडेच राहिली. नंतर एकदा गेलो तेव्हा ती त्याच्या फाटकाला टेकून ठेवलेली दिसली, फाटक वाऱ्यानं लागू नये म्हणून.

पुढे एप्रिलमध्ये तिनं नागपूरला परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात पास झाली. बिलासपूरहून बाईंचं पत्र आलं, त्यात अभिनंदन दोन ओळी आणि सुधारणा सोळा ओळी होत्या. आता आमच्या समोरच्या खोलीत संध्याकाळी सात मुली शिकायला येतात. तो टेप अजून चालतो. मी दर सहा महिन्यांनी घड्याळ लावून तीच बाजू वाजवतो. तीस मिनिटं वीस सेकंद, कधी एकवीस.

पण हिशेब त्या मंगळवारचा आहे, तो पूर्ण करतो. दुकानातून निघालो ते सरळ पोस्टात गेलो. भावानं पेटी धरली, मी टेप धरला, आणि तिनं बाकावर बसून फॉर्म भरला. मला वाटलं होतं की ती एखादा खाना माझ्याकडून भरून घेईल. तिनं सगळे स्वतः भरले आणि सही केली. परीक्षेची फी पासष्ट रुपये होती. तेवढ्याची पोस्टल ऑर्डर आणि तिच्यावरचं कमिशन, शिवाय रजिस्टरचा खर्च, हे मी काढायला खिशात हात घातला तेव्हा ती म्हणाली, राहू द्या. पर्समधून तिनं रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, आणि खिडकीतल्या पोस्टाच्या बाबूला दिल्या.